मुंबईत गोड खायला न्यायचं तर कुठे? (सासरे येताहेत!)

सोलापूरची_सून

नमस्कार मंडळी,

होळीच्या सुमारास सासू-सासरे चार दिवस आमच्याकडे भांडुपला येताहेत. सासऱ्यांना राणीची बाग नको, गेटवे नको, मॉल तर नकोच. त्यांना गोड खायचंय. घरात हुग्गी (गव्हाची खीर) शिजली की हा माणूस भाजी-भाकरी नावालाच घेतो. वय सत्तरीच्या पुढे. साखर नाही, गुडघे आहेत.

नेटवर शोधलं तर बांद्र्याच्या त्याच त्या कॅफेंचे फोटो येतात. मला आवडतं तिथलं, नाही असं नाही. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून आलेल्या माणसापुढे केकचा दोन बोटांचा तुकडा ठेवला तर तो तुकडा संपवून 'आता जेवायचं कुठं?' विचारेल.

अटी म्हणजे, दोघंही शाकाहारी आहेत, अंडं चालत नाही. सासूबाईंना बसायला जागा लागते, सासरे उभ्याउभ्या कितीही खातील. एखाद्या दिवशी टॅक्सी परवडेल, बाकी लोकल.

लग्न होऊन आल्यापासून ते बांद्रा सोडलं तर मी भांडुप आणि ठाणे एवढंच बघितलंय. दादरला गेले तर फुलं आणि साड्या. तेव्हा सांगा.

गिरगावकर_काका

गिरगाव. धागा इथेच संपवायला हरकत नाही.

पणशीकरांकडे पियूष. दुकान १९२१ पासूनचं आहे. आधी साबुदाणा वडा, मग पियूष, हा क्रम मोडू नये. वड्याचं तिखट जिभेवर असताना पियूषचा पहिला घोट घ्यायचा. सोबत दुधी हलवा मागवा. तिथून चालत किंवा टॅक्सीनं चौपाटी, तिथे न्यू कुल्फी सेंटर. संध्याकाळ झाली.

शिवाजीपार्ककर

काकांनी पियूषचा विषय काढलाच आहे तर: दादरचं प्रकाश. विषय कट.

गिरगावकर_काका

पार्कातले लोक चमच्यानं पियूष खातात. पियूष प्यायचं असतं.

शिवाजीपार्ककर

घट्ट असेल तर चमचा लागतो. पातळ असलं की नाही लागत. :)

केळफूल

झालं सुरू. सोलापूरकरीण बाई, या दोघांना भांडू द्या, दर वर्षी भांडतात. पियूष तुमच्याकडे होत नसेल तर सांगते. श्रीखंड ताकात सारखं करायचं, केशर, वेलची आणि जायफळ. जायफळ जास्त झालं की कडवट लागतं आणि दुपारी डोळे मिटतात ते वेगळंच. सगळी गंमत ताकाच्या आंबटपणात आहे. ताक सकाळचं असेल तर पियूष गोडमिट्ट लागतं, दुपारनंतर त्याला धार येते. म्हणून मी म्हणेन की दुकान कुठलंही निवडा, पण सकाळी नऊला पियूष मागू नका. चार वाजता मागा.

प्रकाशला बसायला मिळतं, पण टेबल वाटून घ्यावं लागतं आणि समोरचा अनोळखी माणूस तुमच्या ताटाकडे बघत असतो. सासूबाईंना चालेल का बघा.

फलाट_क्रमांक_एक

मार्ग सांगतो, कारण इथे सगळे पदार्थ सांगतात आणि जिन्यांचं कोणी बोलत नाही.

गिरगावसाठी: भांडुपहून स्लो लोकल, थेट सीएसएमटी. तिथे भुयारी मेट्रो घ्या. पहिलं स्टेशन काळबादेवी, दुसरं गिरगाव. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत. पूर्वी चर्नी रोडचा पूल चढून उतरून जाताना माझ्या आईचे जे हाल व्हायचे ते वाचले.

माटुंग्यासाठी: मध्य रेल्वेवरचं माटुंगा, भांडुपहून स्लो लोकल थेट, गाडी बदलायची नाही.

चेंबूरला कोणी कुर्ल्यावरून हार्बर सांगेल. ऐकू नका. कुर्ल्याचा पूल गुडघेवाल्यांसाठी नाही. भांडुपहून सरळ रिक्षा करा.

चेंबूरवाली

आता चेंबूरचं नाव निघालंच आहे तर मी बोलते. होळीच्या सुमारास येताय ना? मग तुमचं नशीब जोरावर आहे. चेंबूर कॅम्पात यायचंच.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या निर्वासित छावणीत राहिली, म्हणून आजही 'कॅम्प' म्हणतात. होळीच्या दिवसांत इथल्या हलवायांकडे घीयर तळतात. जिलबीच, पण ताटाएवढी. मैद्याचं पीठ आंबवलेलं असतं, त्यामुळे पाकात बुडवूनही तळाशी आंबूस चव उरते. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. एक घीयर चौघांना पुरतं. तुमच्या सासऱ्यांचं मी बोलत नाही. :) होळी झाली की कढया उतरतात, मग पुढच्या वर्षीपर्यंत नाव काढायचं नाही.

आणि झामा मिठाईवाल्याचे गुलाबजाम. गरम असतील तेव्हाच, तिथेच उभं राहून. घरी नेऊन फ्रिजमधून काढून खाल्लेत आणि इथे येऊन 'काही विशेष नाही' म्हणालात तर मी उत्तर देणार नाही.

पुन्हा_उपाशी

धागा वाचतोय. काका-काकूंनो, तुमच्या यादीत स्वातंत्र्यानंतरचं काही आहे का? या शहरात १९४७ नंतर कोणी साखर विकतच घेतली नाही असं वाटायला लागलंय.

कुलाब्यात २००४ साली थिओब्रोमा ही बेकरी सुरू झाली. २०१० साली ले फिफ्टीन बेकरीनं मुंबईला मॅकरून खायला लावलं. त्यानंतर एक अख्खी पिढी बेकिंग शिकून इथे दुकानं काढतेय. बांद्रा, खार, लोअर परळला आज जे चॉकलेट मिळतं ते तुमच्या आमच्या लहानपणी डेअरी मिल्कपलीकडे नव्हतं. आंबट पिठाचे क्रोसाँ, खारट कॅरॅमल, केरळच्या कोकोचं चॉकलेट. हे पण मुंबईचंच गोड आहे. की खवा नसेल तर ते गोड धरायचं नाही?

शिवाजीपार्ककर

मॅकरूनमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. अट क्रमांक एक वाचा.

पुन्हा_उपाशी

हो, मॅकरून बाद. पण अंड्याशिवायचं खूप मिळतं. मुंबईत गुजराती-जैन गिऱ्हाईक इतकं आहे की केकवाले अंड्याविनाचं वेगळं काउंटरच ठेवतात. आणि प्रश्न सासऱ्यांचा असला तरी शीर्षकात 'मुंबईत' लिहिलंय, 'जुन्या मुंबईत' नाही.

गिरगावकर_काका

नॅचरल्स १९८४ चं. घ्या, स्वातंत्र्यानंतरचं. जुहूला एका मंगळुरी माणसानं, रघुनंदन कामतांनी काढलं. वडील मुल्कीला फळं विकायचे, त्यामुळे फळ कधी पिकलं हे मुलाला कळायचं. सुरुवातीला नुसत्या आइस्क्रीमला लोक येईनात, म्हणून पावभाजी ठेवली. पावभाजीनं तोंड पोळलं की लोक आइस्क्रीम मागायचे. माझ्या वड्या-पियूषच्या क्रमाला आता तरी मान द्या.

केळफूल

काका, ही मात्र खेळी चांगली होती.

उपाशीचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. माझी लेक बांद्र्याला नेते तेव्हा मी मिटक्या मारत खाते. फक्त तिथे एक अडचण आहे. वर्षाचे बाराही महिने तेच मिळतं. जूनमध्ये गेलात तरी तोच केक आणि डिसेंबरमध्ये गेलात तरी तोच. चार दिवसांच्या पाहुण्याला मी तिथे शेवटी नेईन, कारण ते पुढच्या खेपेलाही असणारच आहे. घीयर नसणार.

बाणकोटी

केळफूलताईंनी माझं काम सोपं केलं.

यंदा होळी रमजानात आहे. तेव्हा एक संध्याकाळ मोहम्मद अली रोडला राखून ठेवा. मिनारा मशिदीच्या गल्लीत. लोकलनं मस्जिद स्टेशनला उतरा, तिथून चालत दहा-बारा मिनिटं. इफ्तारच्या वेळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदार स्वतः रोजा सोडत असतात. नमाज झाल्यावर रात्री नऊच्या पुढे जा.

आता शाकाहारींसाठी नीट वाचा.

मालपुवा: तिथला प्रसिद्ध मालपुवा अंड्याचा असतो. भलीमोठी कढई, पिठात फेटलेली अंडी, वर मलई किंवा रबडी. बघायला जरूर थांबा, पण तुमच्या सासऱ्यांसाठी नाही. उत्तरेकडच्या पद्धतीचा बिनअंड्याचा मालपुवा वेगळा, त्याची गल्लत करू नका.

फिरनी: ही घ्या. दूध, भरड वाटलेला तांदूळ, साखर. मातीच्या पसरट वाटीत लावलेली. माती पाणी ओढून घेते, म्हणून वरचा थर घट्ट होतो आणि चमचा घातला की खाली मऊ लागते. सुलेमान उस्मान मिठाईवाला १९३६ पासून तिथे आहे. केशराची, आंब्याची अशा चवी असतात. पहिल्यांदा साधी घ्या. त्यांची 'अफलातून' नावाची मिठाई सगळे पार्सल नेतात, पण अंड्याचं आधी विचारून घ्या. विचारल्यावर कोणी रागावत नाही, उलट सरळ सांगतात.

मावा जिलबी: बुऱ्हाणपुरी. काळपट, जाड, खव्याची. दिसायला करपल्यासारखी, पण करपलेली नसते. एक पुरे.

सांदण: आमच्या कोकणी मुसलमानांकडचं. तांदळाचं, वाफवलेलं, पांढरंशुभ्र, वर मलई. तुमच्याकडच्या फणसाच्या सांदणांचं नातेवाईकच. रमजानातल्या त्या गर्दीत एखाद्या कोपऱ्यावर मिळतं, पाटीबिटी नसते. माझ्या आजोळी बाणकोटला करायचे, मुंबईत मी त्यासाठीच जातो. पण पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, इथेही विचारा.

बसायला जागा म्हणाल तर आत टेबलं असतात, पण भरलेली. सासूबाईंना चालणार नसेल तर पुढे बोहरी मोहल्ल्यात खारा टँक रोडवर ताज आइस्क्रीम आहे. १८८७ पासूनचं. तिथे बसता येतं.

सोलापूरची_सून

अगं बाई, किती माहिती! बाणकोटीभाऊ, तो अंड्याचा मुद्दा कळला नसता तर घरात महाभारत झालं असतं. ताज आइस्क्रीमबद्दल जरा सविस्तर सांगाल का? सासरे लहानपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत हातानं फिरवायचं आइस्क्रीम खायचे असं सारखं सांगतात.

बाणकोटी

मग न्याच. ते अजून संच्यातच करतात. लाकडी पिंप, त्यात धातूचं भांडं, मधल्या जागेत बर्फ आणि खडे मीठ. मीठ टाकलं की बर्फ शून्याच्याही खाली उतरतो, त्यामुळे भांड्याच्या कडेला दूध गोठत जातं आणि आतलं पातं ते खरवडून परत दुधात ढकलतं. यंत्रात जेवढी हवा भरली जाते तेवढी यात भरली जात नाही. म्हणून चमचा घातला की जड लागतं आणि हळू वितळतं. फळांचे तुकडे दाताखाली येतात.

सीताफळाचं फार नाव आहे, पण ते फळ पावसाळा संपताना येतं. तुम्ही मार्चात येताय, स्ट्रॉबेरी घ्या. महाबळेश्वरचा माल तेव्हा असतो.

अवांतर: त्या मोहल्ल्यातल्या बोहरी लोकांकडे थाळावर जेवण चिमूटभर मिठानं सुरू होतं आणि लगेच गोड येतं. मग तिखट, मग पुन्हा गोड. तुमच्या सासऱ्यांना सांगा, पुढचा जन्म कुठे घ्यायचा ते ठरवतील.

चीकदूध

खरवस कोणी म्हणालंच नाही?

शिवाजीपार्ककर

खरवस विचारू नका. दादर स्टेशनाबाहेर एका दुकानात 'अस्सल खरवस' म्हणून घेतला होता. जिलेटीनसारखा थरथरत होता.

चीकदूध

तो चायना ग्रासचा (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीचा) असणार. ओळखायचं कसं ते लिहून ठेवतो, कामाला येईल.

खरा खरवस चिकाचा. म्हैस किंवा गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध. त्यातली प्रथिनं इतकी जास्त असतात की नुसतं वाफवलं तरी आपोआप थिजतं, काही घालावं लागत नाही. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट, त्यात साधं दूध जास्त मिसळायचं. तिसऱ्या दिवसाचा पातळ, त्यात कमी. गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ. कापल्यावर कडेला बारीक भोकं दिसतात आणि थोडं पाणी सुटतं. तोंडात घातला की दाताला किंचित चरचर जाणवते. चायना ग्रासचा कापला की काचेसारखा गुळगुळीत निघतो.

मुंबईत चीक मिळायचा तो तबेल्यांमुळे. १९४९ साली आरे कॉलनी झाली तेव्हा शहरातल्या म्हशी तिकडे हलवल्या, जोगेश्वरी-गोरेगावकडे अजून तबेले आहेत. ज्याची तबेलेवाल्याशी ओळख त्याच्याकडे खरवस. दुकानातल्या फळ्यावर 'रोज खरवस मिळेल' लिहिलेलं दिसलं की मला शंका येते. म्हशी दुकानाच्या वेळापत्रकाप्रमाणे विणार आहेत का?

आयोडीनची_बाटली

सणाच्या तोंडावर खव्याचंही तेच. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. घरी आणलेल्या पेढ्याचा तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर त्यात पिठूळ आहे. पिवळट-तपकिरी राहिलं तर ठीक. (कस्टर्ड किंवा रव्याच्या मिठाईवर करू नका, ती निळी होणारच.)

पुन्हा_उपाशी

टीचर, पाहुण्यांसमोर आयोडीन काढायचं? :)

आयोडीनची_बाटली

आधी काढायचं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी.

माटुंग्याचा_मद्रासी_नाही

माटुंगा राहिलं. दुपारचं जेवण रामा नायकांकडे, स्टेशनाबाहेरच, मार्केटच्या वर. १९४२ पासूनची उडुपी खानावळ. एक जिना आहे, तेवढा चढवा. केळीच्या पानावर वाढतात, वाढपी 'अजून?' विचारतात आणि 'नको' म्हणेपर्यंत थांबत नाहीत. पायसम मागून घेता येतं. ज्या माणसाची तक्रार 'तुकडा दोन बोटांचा' अशी असेल त्याला इथे आणून बसवा.

दुपारनंतर एखाद्या उडप्याकडे अननसाचा शिरा. हा शिरा मुळात मुंबईच्या उडपी हॉटेलांनी रुळवला. तूप सुटलेलं असावं, पिवळा रंग जरा कमी असावा. सोमवारी येऊ नका, कॅफे मद्रास बंद असतं आणि तुम्ही मग मला शिव्या द्याल.

केळफूल

चार दिवसांत होळीही येतेय, म्हणजे घरी पुरणपोळी आहेच. आणि होळीनंतर तीन-चार दिवसांत संकष्टी येते. सासूबाई देवभक्त असतील तर प्रभादेवीला सिद्धिविनायक, मग चंद्रोदयानंतर दादरला आस्वादमध्ये उकडीचे मोदक. फक्त त्या रात्री अख्खं दादर तेच करतं. आधी नंबर लावून ठेवा. मोदक आला की वरून भोक पाडून तूप सोडायचं, कडेला ओतून उपयोग नाही.

चर्चगेटचा_चाकरमानी

मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत खातो ते सांगतो. के. रुस्तम, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या बाजूला, १९५३ पासून. आइस्क्रीमची वडी दोन पातळ बिस्किटांमध्ये धरून कागदावर देतात. काचेचं कपाट, जुन्या बाटल्या, सजावट शून्य. बसायला नाही. मार्चच्या उन्हात फुटपाथवर उभं राहून दोन मिनिटांत संपवायचं, नाहीतर कोपरापर्यंत ओघळ येतो. बिस्किट आधी मऊ पडतं की आइस्क्रीम आधी पातळ होतं, ही शर्यत असते. चवी फळ्यावर लिहिलेल्या असतात, अंड्याचं विचारून घ्या.

गिरगावकर_काका

प्रिन्सेस स्ट्रीटची पारसी डेअरी राहिली. १९१६. कुल्फी आणि सुतरफेणी. मेट्रोच्या काळबादेवी स्टेशनावरून जवळ. आणि क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाह, १९०५ पासून, फालुदा. दोन्हीकडे बसता येतं. सूनबाई, एका दिवसात हे सगळं बसतं, फक्त जेवण बाद करा.

फलाट_क्रमांक_एक

काका, माणूस सत्तरीचा आहे.

गिरगावकर_काका

मी पंच्याहत्तरीचा आहे.

माहीमचा_कोळी

माहीम हलवा. जोशी बुढाकाका, कापड बाजार. घरी न्यायला यासारखं काही नाही. गव्हाचा चीक, साखर आणि तूप आटवून गोळा करायचा आणि गरम असतानाच कागदावर लाटून पातळ पत्रा करायचा. म्हणून प्रत्येक वडीला कागद चिकटलेला असतो. वरून पिस्त्याचे काप. दोन-तीन एकदम उचलून खाणारे लोक आहेत, पण एकेक पत्रा जिभेवर विरघळू द्यावा. परतीच्या दिवशी घ्या, सिद्धेश्वर रात्रीची आहे, वेळ मिळतो.

सोलापूरची_सून

अहवाल द्यायला आले. पाहुणे काल रात्री गेले.

पहिला दिवस गिरगाव, कारण काकांनी दटावलं होतं. मेट्रो सासूबाईंना इतकी आवडली की परत येताना मुद्दाम एक स्टेशन पुढे जाऊन आलो. पणशीकरांकडे वडा, मग पियूष, क्रम पाळला. सासऱ्यांचा निकाल: 'पातळ श्रीखंड आहे की. घट्टच द्यायचं ना मग.' काका, मी फक्त निरोप देतेय. दुधी हलवा मात्र दोनदा घेतला. चौपाटीला कुल्फी साच्यातून काढून, सुरीनं तुकडे करून तराजूवर तोलून देतात ते बघून ते दुकानदाराशी बोलत बसले. 'कुल्फी किलोवर' हे त्यांना फार पटलं. सोलापूरला जाऊन सगळ्यांना सांगणार आहेत.

मोहम्मद अली रोडला नवऱ्यानं नेलं, रात्री साडेनऊला. मी थोडी धास्तावले होते गर्दीला. पण एका दुकानातल्या पोरानं सासऱ्यांसाठी आतून स्टूल आणून दिलं आणि स्वतःहून सांगितलं, 'चाचा, इसमें अंडा है, वो मत लो, फिरनी लो.' फिरनीची वाटी रिकामी झाल्यावर ती फेकायची असते हे त्यांना पटेना. तीन वाट्या धुऊन पिशवीत घातल्या. सांदण शोधलं, सापडलं, पण पिठात अंडं होतं, राहिलं. ताजमध्ये स्ट्रॉबेरी. पहिल्या चमच्याला काही बोलले नाहीत, दुसऱ्याला म्हणाले, 'हां. गड्ड्यातलं.' मग दुसरा कप.

घीयरवर मतभेद. सासूबाईंना आवडलं, सासऱ्यांना आंबूस चव पटली नाही. झामाचे गुलाबजाम गरम होते, चेंबूरवाली, उभ्याउभ्याच खाल्ले.

माटुंग्याला ते जिना चढून गेले आणि दीड तास उठले नाहीत. पायसम किती वाट्या ते लिहीत नाही, सासूबाई हा धागा वाचतात. संकष्टीला दादरला गर्दी बघून परत फिरलो, मोदक मी घरी केले. कळ्या पडल्या नाहीत नीट. असो.

उपाशी, तुझ्यासाठी सांगते, बांद्र्यालाही नेलं. अंड्याविनाचा चॉकलेट केक. सासरे म्हणाले, 'कडू आहे, पण चांगलं आहे.' ही मोठी दाद आहे, विश्वास ठेव.

माहीम हलवा दोन किलो नेलाय. तो फ्रिजमध्ये ठेवायचा का?

माहीमचा_कोळी

नको, कडक होईल. डबा घट्ट बंद करून बाहेरच राहू द्या. कागद खातानाच काढा.

गिरगावकर_काका

घट्ट?? म्हणे घट्ट द्यायचं? पुढच्या खेपेला मला कळवा, मी स्वतः सोबत येतो.

शिवाजीपार्ककर

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांना प्रकाशला न्यायला हवं होतं. :)

नवा_सभासद_०७

छान धागा! वाचनखूण साठवली. पुढच्या शनिवारी आम्ही गाडीनं जाणार आहोत. मिनारा मशिदीजवळ पार्किंग कुठे मिळेल?

बाणकोटी

नाही मिळणार.

फलाट_क्रमांक_एक

मस्जिद स्टेशन. स्लो लोकल.